टोकदार कमान लावली की झालं का गॉथिक?

ढोकाळीकर

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. परवाच्या सभेत विकासकाच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाला, ‘फ्रेंच गॉथिक एलेव्हेशन’. चित्रात लॉबीला टोकदार कमानी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीभोवती दगडी दिसणारे सुळके आणि क्लबहाउसच्या दारावर भलीमोठी गोल खिडकी. कमिटीतले ज्येष्ठ खूश. मी हात वर करून विचारलं, गॉथिक म्हणजे नक्की काय? उत्तर मिळालं, ‘सर, प्रीमियम लुक.’

मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघतो, या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही. मुलगी बारावीला आहे, नाटाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते. तिने एका दमात सांगितलं, ‘टोकदार कमान, बरगड्यांचं छत, फ्लाइंग बट्रेस.’ पण हे तिन्ही का आणि एकत्र का, हे तिच्या क्लासच्या नोट्समध्ये नाही. हे सुरू कुठे झालं, कोणी केलं? सीएसएमटी गॉथिक म्हणतात, मग आपल्या ठाण्यातल्या तलावपाळीजवळचं जुनं चर्चही गॉथिकच का? कृपया कुठूनतरी उचलून चिकटवू नका, समजेल असं सांगा.

कळवा_फास्ट

टाकीभोवती सुळके म्हणजे कबुतरांची सोय झाली. मेंटेनन्स कोण देणार ते आधी लिहून घ्या.

सेंटरिंगवाला_नेरुळ

ढोकाळीकर, मुलीने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. फक्त त्या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच अडचण आहे आणि तिच्या मागे लागून या तिन्ही आल्या. मी आयुष्यभर आरसीसीची ड्रॉइंगं केली, त्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो. ज्यांना सौंदर्यशास्त्र हवं त्यांनी पुढच्या प्रतिसादाची वाट बघावी.

आपल्या इमारतीत स्लॅब बीमवर, बीम कॉलमवर, कॉलम फुटिंगवर. ओढ पडेल तिथे सळई. मध्ययुगीन गवंड्याकडे सळई नव्हती, नुसता दगड आणि चुना. दगड दाबाला जबरदस्त, ओढीला कुचकामी. म्हणून लांबी ओलांडायची तर कमान. पण कमानीचा स्वभाव असा की ती वजन नुसतं खाली देत नाही, दोन्ही पायांना बाहेरही ढकलते. छत दगडी कमानीचं केलं की भिंती बाहेर पडायला बघतात. गॉथिकच्या आधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये यावर उपाय एकच, भिंत जाड करा आणि खिडकी लहान ठेवा. त्यामुळे ती चर्च आतून किल्ल्यासारखी अंधारी.

आता अर्धगोल कमानीची दुसरी कटकट. तिची उंची तिच्या रुंदीच्या बरोबर निम्मी, तुमच्या हातात काही नाही. समजा चार खांबांमधला गाळा १२ मीटर बाय ६ मीटर आहे. लांब बाजूची कमान ६ मीटर उंच होणार, आखूड बाजूची ३ मीटर आणि कर्णावरची ६.७ मीटर. तीन कमानी, तीन उंच्या, वरचं छत जुळणार कसं? म्हणून गाळे चौरस ठेवायचे, नाहीतर आखूड कमानीचे पाय उचलून घ्यायचे, अशा खटपटी चालत. टोकदार कमानीत दोन कंसांची केंद्रं सरकवली की रुंदी कितीही असो, उंची हवी ती मिळते. सगळी टोकं एका पातळीत आणता येतात. शिवाय तेवढ्याच रुंदीला कमान जितकी उभट तितकी बाहेरची ढकल कमी. टोक दिसायला छान म्हणून नाही काढलं त्यांनी. निदान पहिल्यांदा तरी नाही.

कर्णावर आणि कडांवर दगडाच्या बरगड्या आधी उभारायच्या, मग मधले त्रिकोणी भाग पातळ दगडाने भरायचे. सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता लाकडी आधार, बरगड्यांखाली लागतं, भरावाला हलकं चालतं. लाकडाचा खर्च किती वाचतो हे ज्याने शटरिंगची बिलं पास केली आहेत त्याला विचारा. छताचा भार चार कोपऱ्यांत येऊन उतरतो. मधल्या भिंतीला कामच उरत नाही.

पण कोपऱ्यावरची ढकल उरलीच. तिथे फ्लाइंग बट्रेस, म्हणजे बाहेरून दिलेला दगडी धिरा. मुख्य छत उंच, बाजूचे मार्ग बुटके. त्या बुटक्या छतांवरून हवेत अर्धी कमान टाकून ढकल बाहेरच्या जाड खांबावर नेली. ठाण्यात दहीहंडी बघितली असेल ना? खालच्या थराच्या बाहेर जे लोक हात टेकवून, खांदे लावून उभे असतात, ज्यांचा फोटो कधी छापून येत नाही, ते फ्लाइंग बट्रेस.

आणि तुमच्या टाकीवरचे सुळके! त्या बाहेरच्या खांबाच्या डोक्यावर दगडी सुळका ठेवतात तो वजनासाठी. तिरकी येणारी ढकल वरच्या वजनामुळे खाली वळते आणि खांबाच्या पायाच्या आत राहते. सिंटेक्सच्या टाकीला कोणाची ढकल बसत नाही.

मासुंदा_काठ

सेंटरिंगवाले काका, छान लिहिलंत, पण अर्धी गोष्ट राहिली. टोकदार कमान युरोपची नाहीच. कैरोतली इब्न तुलूनची मशीद ८७९ साली पुरी झाली, तिच्यात रांगेने टोकदार कमानी आहेत. इटलीत आणि फ्रान्समध्ये त्या येतात त्यानंतर दोनशे वर्षांनी. बर्गंडीतल्या क्ल्युनीच्या मठाचं तिसरं चर्च १०८८ मध्ये सुरू झालं, त्यात टोकदार कमानी होत्या आणि तरीही कोणी त्याला गॉथिक म्हणत नाही. व्यापार, सिसिली, स्पेन, पुढे धर्मयुद्धं, वाट कुठलीही असो, कल्पना पूर्वेकडून गेली असं मानणारे पुष्कळ आहेत. लंडनचं सेंट पॉल बांधणारा ख्रिस्तोफर रेन तर या शैलीला सरळ सॅरसेनिक, म्हणजे अरब-मुसलमानी, म्हणत असे.

बरगड्यांचं छतही पॅरिसच्या आधीचं आहे. इंग्लंडमधलं डरहॅमचं कॅथीड्रल (बिशपचं मुख्य चर्च) १०९३ ला सुरू झालं, त्यात ते आहे. मग ‘फ्रेंच गॉथिक’मध्ये फ्रेंच काय?

तलावपाळीच्या चर्चबद्दल: ते पोर्तुगीज काळातलं, घराणं वेगळं. पोर्तुगीज इथे आले तोवर युरोपात रेनेसान्सचा जमाना सुरू झाला होता. दोन्हीकडे क्रूस आहे म्हणून शैली एक होत नाही.

आणि एक आपल्या जिल्ह्यातलं. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचं साल १०६०. म्हणजे डरहॅमच्या फक्त ३३ वर्षं आधी शिलाहारांचे पाथरवट इथे काय करत होते ते जाऊन बघा. आपण पॅरिसच्या नोत्र दामचं कौतुक करतो आणि अंबरनाथ स्टेशनच्या पुढे कधी गेलेलो नसतो.

सेंटरिंगवाला_नेरुळ

मासुंदा_काठ, तुमची सगळी सालं मान्य. निष्कर्ष अर्धाच मान्य. टोकदार कमान विजापूरच्या गोलघुमटातही आहे, म्हणून तो गॉथिक होत नाही. सुटे भाग सगळे आधीचे होते. फ्रेंच काय, तर ते एकत्र आणून भिंत काढून टाकणं.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसतं ते पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीच्या मठात. फ्रान्सच्या राजांना पुरायची ती जागा. तिथला मठाधिपती सूझे, राजा सातव्या लुईचा सल्लागार. राजा धर्मयुद्धावर गेला तेव्हा राज्यकारभार यानेच पाहिला. त्याने जुन्या चर्चचा पूर्वेकडचा भाग ११४० मध्ये नव्याने बांधायला घेतला आणि ११ जून ११४४ ला त्याचं पवित्रीकरण झालं, राजा हजर होता. वेदीभोवती दुहेरी फेरीमार्ग, त्याला बाहेरून लागून लहान देवघरांची माळ, आणि मधल्या भिंती गायब. बारीक खांब आणि काचा. सूझेने स्वतः लिहून ठेवलंय की सगळं चर्च अखंड, विलक्षण प्रकाशाने उजळावं ही इच्छा. प्रकाश म्हणजे ईश्वराकडे जाण्याची वाट, असा त्याचा भाव. पण गडी व्यवहारी. छपराला लांब तुळया हव्या होत्या, सुतार म्हणाले एवढी झाडं या भागात उरलीच नाहीत. हा पहाटेची प्रार्थना आटोपून, सुतारांना घेऊन स्वतः रानात गेला आणि हव्या होत्या तेवढ्या बारा तुळयांची झाडं शोधून आला. क्लायंट असावा तर असा. दुर्दैवाने त्या ११४४ च्या बांधकामाचा वरचा भाग पुढे १२३१ पासून बदलला, खालचा फेरीमार्ग मात्र आजही त्याचाच आहे.

त्याच सुमाराला पॅरिसच्या आग्नेयेला सांस गावचं कॅथीड्रल चाललं होतं. तिथलाच म्हणून ओळखला जाणारा गवंडी, गियोम, इंग्लंडमध्ये कँटरबरीला गेला, कारण ११७४ मध्ये तिथला भाग आगीत गेला होता. ११७८ मध्ये मचाणावरून पडून जायबंदी झाला. काही दिवस खाटेवरून सूचना देत काम चालवलं, मग परत गेला. ही शैली अशी पसरली, हातातून हातात. मुकादम आणि कारागीर एका साइटवरून दुसरीकडे गेले, की त्यांच्याबरोबर पद्धत गेली.

अंबरनाथबद्दल तुम्ही विषय काढलात ते बरं केलंत, कारण तिथे नेमका फरक दिसतो. तिथल्या मंडपाचं छत आतून घुमटासारखं दिसतं, पण ती खरी कमान नाही. दगडाचा एकेक थर आधीच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय. प्रत्येक दगड आपलं वजन सरळ खाली देतो, कमानीसारखी बाहेर ढकल जवळजवळ नाही. म्हणून त्याला धिरा लागत नाही, पण मोठी लांबीही ओलांडता येत नाही, खांब जवळजवळ लागतात. गॉथिकवाल्याने ढकल पत्करली आणि तिचा बंदोबस्त बाहेर केला. आपल्या पाथरवटाने ढकल येऊच दिली नाही. यात कोण पुढे, कोण मागे हा वाद निरर्थक आहे. एकाला आत हजारो माणसं आणि वरून प्रकाश हवा होता, दुसऱ्याला अंधारा गाभारा हवा होता. गाभाऱ्याला खिडकी कोण मागतं?

मुलीला एक गोष्ट नक्की सांगा, नाटाच्या नोट्समध्ये नसेल. ‘बरगड्या छताचा भार वाहतात’ हे वाक्य जितकं छातीठोक लिहिलेलं असतं तितकं ते पक्कं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने काही ठिकाणी बरगड्या पडल्या आणि मधला पातळ भराव तसाच टिकला. म्हणजे चुना नीट मुरल्यावर ते कवच स्वतःही उभं राहू शकतं. बांधताना बरगडी हवीच होती, नंतर तिचं काम किती उरतं यावर तज्ज्ञ भांडतात. मला विचाराल तर बांधताना लागणं हेच पुरेसं कारण आहे, साइटवर निम्मी अक्कल त्यातच जाते.

ढोकाळीकर

काका, तुम्ही क्लास काढा, मुलीला पहिल्या बाकावर बसवतो. दोन शंका. एक, गोल खिडकीचं काय? ती पण भाराशी संबंधित? दोन, एवढा पैसा कुठून आला? आमच्याकडे कॉर्पस फंडासाठी दोन सभा झाल्या आणि निकाल नाही.

मासुंदा_काठ

पैशाचं मी सांगतो, ते माझ्या आवडीचं आहे.

पॅरिसभोवतीची गावं बाराव्या शतकात व्यापाराने सुजत होती. कापड, जत्रा, धान्य. शिवाय पवित्र अवशेष, म्हणजे संतांच्या म्हणून जपलेल्या वस्तू. शार्त्रला मेरीने येशूच्या जन्मावेळी नेसल्याचं मानलं जाणारं वस्त्र होतं, यात्रेकरू त्यासाठी येत. ११९४ मध्ये चर्च जळालं, गावाला वाटलं वस्त्रही गेलं. ते सुखरूप सापडलं आणि मग बांधकामाने असा वेग घेतला की १२२० च्या सुमारास छत पूर्ण. तिथे सुमारे २,६०० चौरस मीटर रंगीत काच आहे. काचांच्या खालच्या बाजूला पाव भाजणारे, चांभार, कातडी कमावणारे, गाडे बनवणारे आपापलं काम करताना दिसतात. त्यांनीच पैसे दिले की त्यांच्याकडून घेतले, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

सगळीकडे भक्तिभावच होता असंही नाही. रँसचं कॅथीड्रल १२११ मध्ये सुरू झालं. १२३३ मध्ये तिथले नागरिक आर्चबिशपविरुद्ध उठले, कर आणि अधिकाराचा वाद. पुरोहित मंडळींना गाव सोडून पळावं लागलं आणि काम काही वर्षं अडलं. तुमचा कॉर्पसचा वाद त्यामानाने सभ्य आहे.

सेंटरिंगवाला_नेरुळ

गोल खिडकीबद्दल. ती साधारण टोकाच्या भिंतीत असते, पश्चिमेला किंवा क्रूसाच्या आकाराच्या चर्चच्या आडव्या फाट्याच्या दोन टोकांना. छताचा भार लांब बाजूंच्या खांबांवर गेलेला असतो, त्यामुळे या टोकाच्या भिंतीला वाहायला फारसं नसतं. तिथे केवढंही भोक पाडा. त्या खिडकीला खरा त्रास वाऱ्याचा, म्हणून आत दगडाची बारीक जाळी. क्लबहाउसच्या दारावर ती लावायला हरकत नाही, फक्त पावसाळ्यात पाणी आत येणार नाही असा छज्जा मागून घ्या. मूळ लोकांनीसुद्धा पाण्याचा विचार केला होता. फ्लाइंग बट्रेसच्या पाठीवर पन्हळ कोरून छपराचं पाणी बाहेर नेत आणि शेवटी राक्षसाच्या तोंडातून भिंतीपासून लांब फेकत. लोकांना राक्षस लक्षात राहतो, पन्हळ विसरतात.

मुलाकडे गेलो होतो तेव्हा शार्त्र पाहिलं. आत लख्ख उजेड असेल अशी कल्पना करून जाऊ नका. काचा इतक्या गडद निळ्या-लाल आहेत की डोळे सरावेपर्यंत पायाखालची फरशी दिसत नाही. सूझेला हवा होता तो प्रकाश ट्यूबलाइटचा नव्हता.

मग सुरू झाली उंचीची स्पर्धा. छताची आतली उंची पाहा: नोत्र दाम, ११६३ ला सुरू, सुमारे ३३ मीटर. शार्त्र सुमारे ३७. आमियाँ, १२२० ला सुरू, ४२ च्या वर. आणि बोव्हे, ४८. म्हणजे घोडबंदर रोडवरच्या सोळा मजल्यांएवढं मोकळं, मध्ये एकही स्लॅब नाही. १२८४ मध्ये बोव्हेच्या छताचा काही भाग कोसळला. त्यांनी मध्ये जादा खांब घालून पुन्हा उभारलं आणि गप्प बसले का? नाही. पुढे मध्यभागी १५३ मीटरचा मनोरा चढवला, १५६९ मध्ये पुरा झाला, १५७३ मध्ये पडला. चर्चचा लांब हात आजतागायत बांधलेला नाही. जर्मनीतल्या कलोनचं तर १२४८ ला सुरू केलेलं काम शेकडो वर्षं अर्धवट राहून १८८० मध्ये पुरं झालं. तुमच्या करारात ताब्याची तारीख आहे ना?

विकासकाला विचारायचं ते असं. त्या कमानी कशाच्या आहेत, जीआरसीच्या (काचतंतू घातलेल्या काँक्रीटच्या) की थर्माकोलवर प्लास्टर? कशाला आणि कशाने अडकवल्या आहेत? अँकर स्टेनलेसचे की साधे? खाडीची हवा आहे, साधा खिळा गंजणार आणि तुकडा खाली येणार. सुळक्यांना वाऱ्याचा भार धरलाय का, स्ट्रक्चरल कन्सल्टंटची सही आहे का? ‘फ्रेंच’ शब्दावर वाद घालू नका, वेळ जाईल.

कळवा_फास्ट

म्हणजे सीएसएमटीही खोटं गॉथिकच? रोज तिथे उतरतो, वाईट वाटेल.

सेंटरिंगवाला_नेरुळ

खोटं नाही हो. ते पुनरुज्जीवन. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना मध्ययुग पुन्हा आवडायला लागलं आणि आपल्या वाट्याला ते आलं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा आराखडा, काम १८७८ ते १८८८. शैली उसनी, पण दगड खरा आणि त्यातल्या कमानी खरोखर भार घेतात. त्यात इटलीही आहे आणि घुमट-बुरुजांत आपल्याकडचंही आहे. कोरीव काम जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय, म्हणून माकडं, मोर आणि पानं इथली दिसतात. उद्या उतरलात की लोकलच्या तिकीटघरात वर बघा, ते स्टार चेंबर. बरगड्या कोपऱ्यातल्या खांबांवर कशा येऊन मिळतात ते डोक्यावरच आहे. मागचे लोक ओरडतील, ओरडू द्या.

ढोकाळीकर

मुलीला घेऊन जायचं ठरलं. सीएसएमटी सोडून आणखी काय दाखवू? एका दुपारीत होईल एवढंच.

मासुंदा_काठ

मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं आवार. राजाबाई टॉवर, ग्रंथालय आणि दीक्षान्त सभागृह, तिन्हीचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. टॉवरला पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले, नाव त्यांच्या आईचं. सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशी आहेत, युरोपातल्या गोल खिडक्यांतही राशी सापडतात. शेजारी हायकोर्ट, १८७८ चं. ओव्हलच्या एका बाजूला ही गॉथिक रांग आणि समोर आर्ट डेकोच्या इमारती, दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारशात. वेळ उरला तर कुलाब्याचं अफगाण चर्च, त्याच्या रंगीत काचा बघण्यासारख्या आहेत.

सेंटरिंगवाला_नेरुळ

विद्यापीठाच्या आत सोडतीलच असं धरून जाऊ नका, ओव्हल मैदानातून बघा. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, चारनंतर ऊन थेट दगडावर येतं. मुलीला समोरून चित्र काढू देऊ नका, ते सगळेच काढतात. आडवा छेद काढायला सांगा, आत न जाता, बाहेरून अंदाजाने. मग इथे टाका, मी लाल पेनाने बघतो.